चेतापेशी पारेषके कशी साठवतात आणि कशी सोडतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका चेतापेशीकडून दुसरीकडे, किंवा चेतापेशीकडून स्नायूकडे, संदेश जातो तो बहुतेक ठिकाणी रसायनाच्या साहाय्याने. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर किंवा चेतापारेषके म्हणतात. ती पेशीत सुटी फिरत नसतात. पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजेच व्हेसिकल्समध्ये, ती भरून ठेवलेली असतात आणि विद्युत आवेग आला की पुटिकेचे पटल पेशीच्या पटलाशी एकजीव होऊन आतील ऐवज बाहेर पडतो. उत्सर्जनाचा हा क्षण एक सहस्रांश सेकंदाहूनही लहान असतो, मात्र त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी ऊर्जा आणि सगळी जुळवाजुळव पेशीने आधीच करून ठेवलेली असते. पुढील उत्तरे वाचताना हा मुद्दा ध्यानात ठेवला, तर या यंत्रणेतील अनेक गोष्टी अशाच का आहेत हे आपोआप उलगडत जाईल.

पारेषके पुटिकांमध्येच का साठवावी लागतात? ती पेशीद्रव्यातून थेट बाहेर का सोडली जात नाहीत?

मुख्य कारण वेगाचे आहे. दोन चेतापेशींमधील सिनॅप्सची फट सुमारे २० नॅनोमीटर रुंद असते. समोरच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांनी ताबडतोब प्रतिसाद द्यावा यासाठी त्या फटीतील पारेषकाची संहती एकदम वाढावी लागते आणि तितक्याच चटकन उतरावीही लागते. पटलातील वाहक प्रथिने एकेक रेणू बाहेर नेऊ लागली, तर संहती हळूहळू चढेल आणि संदेशाची धार बोथट होईल. हजारो रेणू आधीच एकत्र करून ठेवले आणि पटलाला एक छिद्र पाडले, तर मात्र ते सगळे एका झटक्यात फटीत पसरतात. एका पुटिकेतील ग्लुटामेट हे पारेषक फटीतील संहती क्षणभर मिलिमोलरच्या पातळीपर्यंत नेऊ शकते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते डोपामाइनच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे ठरते. पेशीद्रव्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ७.२ असतो. त्या वातावरणात डोपामाइनचे सहज ऑक्सिडीकरण होऊन पेशीला अपायकारक क्विनोन तयार होतात. शिवाय मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचे विघटन करत असते ते वेगळेच. पुटिकेच्या आम्लधर्मी अंतर्भागात तेच डोपामाइन बरेच स्थिर राहते. म्हणूनच डोपामाइन पुटिकेत नेणारे वाहक प्रथिन हे पेशीचे संरक्षकही मानले जाते.

एका पुटिकेचा आकार केवढा असतो आणि तिच्यात किती रेणू मावतात?

मेंदूतील नेहमीच्या सिनॅप्टिक पुटिकेचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो. पटलाची जाडी वजा केली की आत सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाची पोकळी उरते. एवढ्या जागेत ग्लुटामेटचे हजार-दोन हजारांपासून काही हजारांपर्यंत रेणू असतात. चेता आणि स्नायू यांच्या जोडावरील पुटिका किंचित मोठ्या असून त्यांच्यात ॲसिटिलकोलीनचे सुमारे ५,००० ते १०,००० रेणू सामावतात.

पुटिकेचे पटल हे नुसते स्निग्ध पदार्थांचे आवरण आहे, असा अनेकांचा समज असतो. उंदराच्या जातीच्या प्राण्यांच्या मेंदूतून वेगळ्या केलेल्या पुटिकांचे २००६ साली तपशीलवार रेणवीय मोजमाप झाले, तेव्हा हे पटल प्रथिनांनी खच्चून भरलेले असल्याचे दिसले. सरासरी पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिनच्या सुमारे ७० आणि सिनॅप्टोटॅग्मिनच्या सुमारे १५ प्रती होत्या; ही दोन्ही प्रथिने उत्सर्जनात काय करतात ते पुढे येईल. मात्र पुटिका भरण्यासाठी लागणारी सगळी ऊर्जा पुरवणाऱ्या प्रोटॉन पंपाच्या प्रती फक्त एक किंवा दोन. एका पुटिकेची भरण्याची सगळी मदार एका-दोन पंपांवर असावी, ही गोष्ट मला या सगळ्या आकडेवारीत सर्वाधिक बोलकी वाटते.

पारेषके पुटिकेत भरली कशी जातात?

हे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात व्ही-एटीपेज हा प्रोटॉन पंप एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, विघटन करून मिळालेल्या ऊर्जेवर प्रोटॉन पुटिकेत ढकलतो. त्यामुळे आतील सामू सुमारे ५.५ पर्यंत उतरतो आणि पटलाच्या दोन बाजूंमध्ये विद्युत दाबाचा फरकही तयार होतो; आतली बाजू धनप्रभारित होते. दुसऱ्या टप्प्यात वाहक प्रथिने या साठलेल्या ऊर्जेचा उपयोग करून पारेषकाचे रेणू आत घेतात. म्हणजे वाहक प्रथिन स्वतः एटीपी खर्च करत नाही. पंपाने निर्माण केलेल्या फरकावरच ते चालते.

कोणते पारेषक त्या फरकाचा कोणता भाग वापरते, हे त्या रेणूच्या प्रभारावर अवलंबून असते. डोपामाइन, नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन आणि हिस्टामाइन यांना नेणारे व्हीमॅट हे वाहक एक रेणू आत घेताना दोन प्रोटॉन बाहेर सोडते, त्यामुळे त्याचा भर मुख्यतः सामूतील फरकावर असतो. ॲसिटिलकोलीनचे वाहकही प्रोटॉनच्या बदल्यातच काम करते. ग्लुटामेट ऋणप्रभारित असल्यामुळे त्याचे व्हीग्लूट हे वाहक मुख्यतः विद्युत दाबाच्या फरकावर चालते आणि क्लोराइड आयनांचाही त्याच्या कार्यावर मोठा प्रभाव असतो. गाबा आणि ग्लायसीन यांचे वाहक एकच असून ते दोन्ही प्रकारच्या फरकांचा उपयोग करते. चेतापेशी कोणत्या पारेषकाची, हे ठरवण्यात या वाहकाचा वाटा फार मोठा आहे: ग्लुटामेट तर प्रत्येकच पेशीत असते, परंतु ते पारेषक म्हणून वापरते तीच पेशी, जिच्या पुटिकांवर व्हीग्लूट असते.

येथे थोडे थांबून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळीचे घनफळ काढले आणि सामू ५.५ धरला, तर त्या पोकळीत मोकळ्या प्रोटॉनांची सरासरी संख्या सुमारे ०.०३ येते. याचा अर्थ असा की कोणत्याही एका क्षणी साधारण ३५-४० पुटिकांपैकी एखाद्याच पुटिकेत एक मोकळा प्रोटॉन सापडेल! मग हजारो रेणू आत ओढणारी ऊर्जा येते कुठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. आत आलेले बहुतेक प्रोटॉन प्रथिनांना आणि साठवलेल्या रेणूंना चिकटलेले असतात, आणि जितके प्रोटॉन वाहकामार्फत बाहेर जातात तितके पंप सतत आत आणत राहतो. सामू ही येथे साठवलेल्या प्रोटॉनांची मोजदाद नव्हे. अखंड चालू असलेल्या देवघेवीची ती सरासरी पातळी आहे. पाठ्यपुस्तकातील आकृतीत पुटिकेच्या आत प्रोटॉनांची गर्दी काढलेली असते, तिच्यामुळे ही गोष्ट नजरेआड होते.

सगळ्या स्रावी पुटिका एकाच प्रकारच्या असतात का?

नाही. ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली आतून निरभ्र दिसणाऱ्या लहान पुटिकांमध्ये ग्लुटामेट, गाबा, ग्लायसीन, ॲसिटिलकोलीन अशी जलद कार्य करणारी पारेषके असतात. दुसरा प्रकार दाट गाभ्याच्या मोठ्या पुटिकांचा. त्यांच्यात पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, असतात, तसेच अनेकदा डोपामाइन, सेरोटोनिन यांसारखी मोनोअमाइनेही असतात.

या दोहोंतील खरा फरक आकाराचा नसून त्यांच्या जीवनक्रमाचा आहे. लहान पुटिका अक्षतंतूच्या टोकाशीच पुन्हा पुन्हा तयार होतात आणि तिथेच भरल्या जातात, कारण लागणारे पारेषक आणि वाहक दोन्ही तिथे उपलब्ध असतात. पेप्टाइडांचे तसे नाही. ती प्रथिनांसारखीच रायबोसोमवर तयार होतात, अंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलात येतात आणि तिथे मोठ्या पूर्वगामी प्रथिनाच्या रूपात पुटिकेत बांधली जातात. पुटिका प्रवासात असतानाच आतील विकरे त्या लांब साखळीचे तुकडे करून कार्यक्षम पेप्टाइड बनवतात. हा प्रवास सूक्ष्मनलिकांवरून, कायनेसिन कुळातील चालक प्रथिनांच्या साहाय्याने होतो आणि दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत अंतर कापले जाऊ शकते. हायपोथॅलॅमसमधील पेशींत तयार होणारी ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके याच मार्गाने पश्च पियुषिकेपर्यंत येतात. अशी पुटिका एकदा रिकामी झाली की टोकाशी ती पुन्हा पेप्टाइडाने भरता येत नाही. नवी पुटिका पेशीकायेतूनच यावी लागते. म्हणून पेप्टाइडांचे उत्सर्जन पेशी जपून करते, आणि एखाद-दुसऱ्या आवेगाऐवजी आवेगांची जलद मालिका आली तरच ते प्रामुख्याने होते.

मोठ्या पुटिकांत एवढी प्रचंड संहती असूनही त्या फुगून फुटत कशा नाहीत?

अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यभागातील क्रोमॅफिन पेशींच्या कणिका हे याचे उत्तम उदाहरण आहे. या पेशी ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन रक्तात सोडतात. त्यांच्या एकेका कणिकेत या संप्रेरकांची संहती ०.५ ते १ मोलर इतकी असते, शिवाय सोबत सुमारे ०.१५ मोलर एटीपी असते. हे सगळे रेणू मोकळे असते, तर परासरणामुळे पाणी आत शिरून कणिका तत्काळ फुटली असती. तसे होत नाही, कारण क्रोमोग्रॅनिन नावाची प्रथिने, एटीपी, कॅल्शियम आणि संप्रेरकाचे रेणू एकमेकांना धरून एक दाट जाळे तयार करतात. बांधले गेलेले रेणू परासरणाच्या हिशेबात फारसे धरले जात नाहीत. सूक्ष्मदर्शीखाली दिसणारा काळा गाभा म्हणजे हेच जाळे.

याच कणिकेत आणखी एक नवलाची गोष्ट घडते. डोपामाइनचे नॉरॲड्रेनालिनमध्ये रूपांतर करणारे विकर कणिकेच्या आत असते, तर नॉरॲड्रेनालिनपासून ॲड्रेनालिन बनवणारे विकर बाहेर, पेशीद्रव्यात असते. त्यामुळे ॲड्रेनालिन बनण्यासाठी डोपामाइन आत जाते, नॉरॲड्रेनालिन होऊन बाहेर पडते, बाहेर त्याचे ॲड्रेनालिन होते आणि तेच व्हीमॅट वाहक त्याला पुन्हा आत घेते. साठवण ही निर्मितीनंतरची स्वतंत्र पायरी नसून कित्येकदा निर्मितीचाच भाग असते, हे यावरून लक्षात यावे.

पारेषके ठरावीक पुडक्यांच्या रूपात सुटतात, हे कसे समजले?

बर्नार्ड कॅट्झ आणि पॉल फॅट हे बेडकाच्या स्नायूवरील चेताजोडाशी विद्युत नोंदी घेत असताना, चेतेला कोणतेही उद्दीपन दिलेले नसतानाही, सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टचे लहान लहान उंचवटे मधूनमधून उमटत असल्याचे त्यांना आढळले. १९५२ साली त्यांनी हे निष्कर्ष सविस्तर मांडले. हे उंचवटे फक्त जोडाच्या जागीच मिळत आणि ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींना रोखणाऱ्या क्युरारेने ते मावळत, त्यामुळे त्यांचा उगम ॲसिटिलकोलीनमध्ये आहे याविषयी शंका उरली नाही. मात्र एका उंचवट्यासाठी हजाराहून अधिक ग्राही वाहिन्या एकत्र उघडाव्या लागतात, म्हणजे हे काम एकट्यादुकट्या रेणूचे असू शकत नव्हते.

त्यानंतर होसे देल कास्तियो आणि कॅट्झ यांनी द्रावातील कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त करून चेतेला उद्दीपन दिले. आता प्रतिसाद इतके क्षीण झाले की त्यांच्यातील पायऱ्या दिसू लागल्या: काही वेळा काहीच नाही, काही वेळा एका उंचवट्याएवढा प्रतिसाद, काही वेळा दुप्पट, काही वेळा तिप्पट. अधल्यामधल्या मापाचे प्रतिसाद विरळ होते आणि कोणता प्रतिसाद किती वेळा यावा, हे संभाव्यतेच्या नियमांशी जुळत होते. १९५४ च्या या कामातून उत्सर्जन ठरावीक मापाच्या पुडक्यांत होते, हे प्रस्थापित झाले. नेमक्या त्याच सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने चेताटोकांत एकाच मापाच्या गोल पुटिकांचे थवे दाखवले, आणि एक पुडके म्हणजे एक पुटिका ही कल्पना पुढे आली. कॅट्झ यांना १९७० चे नोबेल पारितोषिक उल्फ फॉन ऑयलर आणि ज्युलियस ॲक्सलरॉड यांच्यासमवेत मिळाले.

पुटिका पटलाशी एकजीव होताना कोणी प्रत्यक्ष पाहिली आहे का?

होय, आणि ती पाहण्यासाठी करावी लागलेली खटपट जाणून घेण्याजोगी आहे. नेहमीच्या पद्धतीत ऊतक रसायनांनी स्थिर करायला काही सेकंद जातात. तेवढ्यात उत्सर्जनाचा क्षण केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून जॉन ह्यूझर, थॉमस रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे यंत्र उभारले. बेडकाचा स्नायू एका दांड्याच्या टोकाला लावून तो वरून खाली सोडला जाई आणि द्रव हीलियमने थंड केलेल्या तांब्याच्या चकचकीत ठोकळ्यावर आपटताच क्षणार्धात गोठे. चेतेला दिलेले उद्दीपन आणि ठोकळ्याचा स्पर्श यांतील अंतर काही सहस्रांश सेकंद इतके नेमके ठेवता येत असे. उत्सर्जन वाढवण्यासाठी द्रावात ४-अमिनोपिरिडीन घातलेले होते. गोठलेले पटल फोडून पाहिल्यावर, उद्दीपनानंतर सुमारे ५ सहस्रांश सेकंदांनी गोठवलेल्या नमुन्यांत पेशीपटलावर पुटिकांची उघडलेली तोंडे ओळीने दिसली. उद्दीपन न दिलेल्या नमुन्यांत ती नव्हती. हे काम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. उघडलेल्या तोंडांची संख्या विद्युत नोंदींवरून काढलेल्या पुडक्यांच्या संख्येशी जुळली, हे या प्रयोगाचे खरे बलस्थान.

क्रोमॅफिन पेशींत तर हे जिवंतपणी मोजता येते. ॲड्रेनालिनचे सहज ऑक्सिडीकरण होत असल्यामुळे पेशीला टेकवलेल्या कार्बनच्या बारीक तंतूवर प्रत्येक कणिकेचा विद्युतप्रवाह स्वतंत्र टोकदार शिखराच्या रूपात नोंदवला जातो. पुष्कळ शिखरांच्या पायथ्याशी एक छोटीशी पायरी दिसते: छिद्र अजून अरुंद असताना आतील रेणू झिरपू लागल्याची ती खूण असते. त्यानंतर छिद्र रुंदावते आणि उरलेला ऐवज एकदम बाहेर येतो.

दोन पटले एकजीव होतात ती कशाच्या बळावर?

पाण्यात असलेली दोन पटले आपोआप एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्या पृष्ठभागावरील पाण्याचा थर आणि प्रभार त्यांना दूर ठेवतात. हे अंतर मिटवण्याचे काम स्नेअर नावाची प्रथिने करतात. पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन असते. पेशीपटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ असतात. या तिन्ही प्रथिनांचे मिळून चार सर्पिल भाग एकमेकांभोवती गुंतून घट्ट जुडगा तयार करतात, आणि हे गुंतणे पटलापासून दूरच्या टोकाकडून पटलाच्या दिशेने होत जाते. जसजसा जुडगा आवळत जातो, तसतशी दोन्ही पटले एकमेकांकडे खेचली जातात. जुडगा जुळताना मुक्त होणारी ऊर्जा पटलांमधील विरोधावर मात करते.

मंक-१८ आणि मंक-१३ ही प्रथिने स्नेअर प्रथिनांची योग्य जुळणी करून देतात. त्यांच्यावाचून उत्सर्जन जवळजवळ ठप्प होते. मंक-१८ नसलेल्या उंदरांच्या चेतापेशी पारेषक सोडूच शकत नाहीत. पुटिका एकजीव झाल्यानंतर वापरून झालेला जुडगा सोडवण्यासाठी मात्र एनएसएफ हे प्रथिन एटीपी खर्च करते. ऊर्जा नेमकी कोणत्या पायरीवर खर्ची पडते, ते येथे पाहावे: पुटिका भरताना आणि स्नेअर मोकळे करताना, म्हणजे उत्सर्जनाच्या आधी आणि नंतर. प्रत्यक्ष उत्सर्जनाच्या क्षणी पेशीला एटीपीची वाट पाहावी लागत नाही. अर्धवट गुंतलेल्या स्नेअरसह पटलाशी थांबलेली पुटिका ही ताणून धरलेल्या धनुष्यासारखी असते. जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पुटिकांच्या वाहतुकीची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल.

या सगळ्यात कॅल्शियमची भूमिका काय?

कॅल्शियम हा इशारा आहे. विश्रांतीच्या अवस्थेत पेशीद्रव्यातील मोकळ्या कॅल्शियमची संहती सुमारे १०० नॅनोमोलर असते, तर पेशीबाहेर ती १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक असते. आवेग टोकाशी पोहोचला की तेथील कॅल्शियम वाहिन्या उघडतात आणि वाहिनीच्या तोंडाशी, काही दशक नॅनोमीटरच्या परिसरात, संहती क्षणभर कित्येक दशक मायक्रोमोलरपर्यंत चढते. तयार पुटिका वाहिनीच्या अगदी निकट उभ्या असतात, कारण रिम आणि त्याच्याशी जोडलेली इतर प्रथिने वाहिन्यांना आणि पुटिकांना एकाच जागी धरून ठेवतात. वाहिनीपासून थोडे दूर गेले तरी संहती झपाट्याने घसरते, त्यामुळे ही जवळीक फार मोलाची आहे.

आलेले कॅल्शियम ओळखते ते पुटिकेवरील सिनॅप्टोटॅग्मिन. त्याच्या दोन भागांत मिळून पाच कॅल्शियम आयन बसतात. ते बसताच हे प्रथिन पेशीपटलातील स्निग्ध रेणूंत अंशतः शिरते आणि अर्धवट गुंतलेल्या स्नेअरना शेवटचा टप्पा पार करू देते. कॉम्प्लेक्सिन हे आणखी एक प्रथिन तोवर पुटिकेला सज्ज अवस्थेत ठेवण्यास हातभार लावते. अनेक आयन एकाच वेळी बसावे लागत असल्यामुळे उत्सर्जन कॅल्शियमच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. १९६७ मध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या चेताजोडावर दाखवले की कॅल्शियम कमी असताना उत्सर्जन त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. कॅल्शियम दुप्पट केले तर उत्सर्जन सुमारे सोळापट होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की आवेग नसताना उत्सर्जन जवळजवळ शून्य राहते, आणि आवेग येताच ते एकदम उसळते.

हीच तीव्रता उलट दिशेनेही दिसते. लॅम्बर्ट-ईटन या विकारात शरीराची प्रतिपिंडे चेताटोकावरील कॅल्शियम वाहिन्यांवरच हल्ला करतात. वाहिन्या थोड्या घटल्या तरी उत्सर्जन फार घटते आणि स्नायू दुर्बल होतात. अशा रुग्णाने काही सेकंद स्नायू जोर लावून आवळला की टोकाशी कॅल्शियम साचून ताकद तात्पुरती वाढते. निदान करताना या खुणेचा उपयोग होतो.

प्रत्येक आवेगाला पुटिका रिकामी होतेच का?

नाही, आणि नव्याने अभ्यास करणाऱ्यांचा बहुधा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. मेंदूतील अनेक लहान सिनॅप्समध्ये एका आवेगाला एखादी पुटिका सुटेल याची शक्यता निम्म्याहूनही बरीच कमी असते. अशा सिनॅप्समध्ये एकूण साधारण २०० पुटिका असल्या, तरी पटलाला टेकून सज्ज असलेल्या पुटिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. बाकीच्या मागे राखीव असतात. त्यांना सिनॅप्सिन हे प्रथिन एकत्र धरून ठेवते आणि फॉस्फेट गट जोडला गेला की मोकळे करते. स्नायूवरील चेताजोडाची गोष्ट निराळी आहे. तेथे एका आवेगाला अनेक पुटिका सुटतात आणि स्नायू हमखास आकुंचन पावतो.

रिकाम्या झालेल्या पुटिकेचे पुढे काय होते?

तिचे पटल पेशीपटलात मिसळते, आणि ते तसेच राहू दिले तर चेताटोक फुगत जाईल आणि पुटिकाही संपतील. म्हणून तेवढेच पटल परत आत घेतले जाते. क्लॅथ्रिन प्रथिनाचे जाळीदार आवरण पटलाला खळगा पाडते, डायनॅमिन हे प्रथिन त्या खळग्याची मान आवळून तोडते आणि आत आलेली पुटिका आवरण टाकून पुन्हा प्रोटॉन पंपाने भरली जाऊ लागते. डायनॅमिनचे महत्त्व फळमाशीच्या शिबिरे या उत्परिवर्तनाने फार स्पष्ट दाखवले. या माश्यांना सुमारे ३० अंश सेल्सिअसवर नेले की डायनॅमिन निकामी होते, चेताटोकांतील पुटिका संपतात आणि माश्या लुळ्या पडतात. थंड जागी आणताच त्या काही वेळात पुन्हा हालचाल करू लागतात.

आवरणाविना याहून जलद पुनर्ग्रहणही होते. २०१३ मध्ये वातानाबे आणि यॉर्गेनसन यांच्या गटाने प्रकाशाने चेतापेशी उद्दीपित करून लगेच गोठवल्या, तेव्हा उत्सर्जनानंतर १०० सहस्रांश सेकंदांच्या आतच पटल आत ओढले जात असल्याचे दिसले. पूर्ण न मिसळता छिद्र क्षणभर उघडून पुन्हा मिटणाऱ्या पुटिकांची नोंदही अनेक पेशींत झाली आहे.

बोट्युलिनम आणि धनुर्वाताचे विष या यंत्रणेत नेमके काय बिघडवते?

दोन्ही विषे प्रथिने तोडणारी विकरे आहेत आणि दोन्हींचे लक्ष्य स्नेअर प्रथिनेच आहेत, हे १९९२ आणि १९९३ मधील संशोधनातून उघड झाले. बोट्युलिनम ए आणि ई हे प्रकार स्नॅप-२५ तोडतात. बी, डी, एफ आणि जी हे सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतात. सी हा प्रकार सिंटॅक्सिनही तोडतो. धनुर्वाताचे विष सिनॅप्टोब्रेव्हिनला बोट्युलिनम बी तोडते त्याच जागी तोडते. तरीही एका विषाने स्नायू लुळे पडतात आणि दुसऱ्याने ते ताठरतात! फरक आहे तो विष कुठे पोहोचते याचा. बोट्युलिनम स्नायूवरील चेताटोकातच राहून ॲसिटिलकोलीनचे उत्सर्जन थांबवते. धनुर्वाताचे विष चेतेतून उलट दिशेने मेरुरज्जूपर्यंत जाते आणि तेथे ग्लायसीन व गाबा सोडणाऱ्या, म्हणजेच स्नायूंच्या चेतांना आवर घालणाऱ्या पेशींत शिरते. आवर सुटला की स्नायू अनिर्बंध आकुंचन पावतात. एकच रेणवीय घाव, पण पेशी बदलली की लक्षणे अगदी उलटी, असे उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडते.

पुटिकांवर परिणाम करणारी औषधे आहेत का?

आहेत. सर्पगंधा वनस्पतीतून मिळणारे रेसरपीन व्हीमॅट वाहकाला रोखते. मग मोनोअमाइने पुटिकेत जाऊ शकत नाहीत, पेशीद्रव्यात त्यांचे विघटन होते आणि साठा हळूहळू रिता होतो. रक्तदाब उतरवण्यासाठी ते वापरले गेले. मात्र मेंदूतील साठाही घटत असल्याने सुस्ती आणि उदासीनता हे दुष्परिणाम दिसत. अर्विड कार्लसन यांनी रेसरपीन दिल्यामुळे निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. १९५७ च्या या प्रयोगाने डोपामाइन स्वतःच एक पारेषक असल्याच्या विचाराला आणि पुढे पार्किन्सनच्या उपचाराला दिशा दिली. हंटिंग्टन विकारातील अनैच्छिक हालचालींसाठी दिले जाणारे टेट्राबेनाझीनही व्हीमॅटलाच रोखते, पण त्याचा परिणाम लवकर ओसरतो. अपस्मारावरील लेव्हेटिरासेटाम पुटिकेवरील एसव्ही२ए या प्रथिनाला बांधले जाते.

ॲम्फेटामाइनची करणी याहून वेगळी आहे. ते पुटिकेतील डोपामाइन पेशीद्रव्यात आणते आणि तेथून ते पेशीपटलावरील वाहकामार्फत उलट दिशेने बाहेर पडते. या मार्गाला ना आवेग लागतो ना स्नेअर. यातले कोणतेही औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नये.

एकाच चेताटोकातून एकाहून अधिक पारेषके सुटू शकतात का?

सुटतात, आणि हे अपवादात्मक नाही. एटीपी अनेक पुटिकांत मुख्य पारेषकाच्या सोबत असते, हिप्पोकॅम्पसमधील काही टोकांत ग्लुटामेटबरोबर जस्त साठवलेले असते, आणि मेरुरज्जूतील काही पेशी गाबा व ग्लायसीन एकाच पुटिकेतून सोडतात, कारण दोन्हींचे वाहक एकच आहे.

पुटिकेत न साठवताच काम करणारे संदेशक रेणू आहेत का?

नायट्रिक ऑक्साइड हा वायू आणि एंडोकॅनॅबिनॉइड ही स्निग्ध रसायने पटलातून आरपार जाऊ शकतात, त्यामुळे त्यांना पुटिकेत कोंडून ठेवणे शक्यच नसते. ती गरज पडेल तेव्हा तयार होतात आणि तयार होताच पसरतात. त्यांच्या बाबतीत नियंत्रण उत्सर्जनावर नसून निर्मितीवर असते; तरी बहुतेक वेळा त्या निर्मितीचा इशाराही पेशीत शिरलेले कॅल्शियमच देते. एंडोकॅनॅबिनॉइड तर संदेश ग्रहण करणाऱ्या पेशीत बनून उलट दिशेने आधीच्या पेशीच्या टोकाकडे जातात आणि तेथील कॅल्शियम वाहिन्यांना आवर घालून पुटिका सुटण्याचे प्रमाण कमी करतात.